हवाईतील समलिंगी विवाहाचा खटला : पार्श्वभूमी

डिसेंबर १९९० मध्ये तीन समलिंगी जोडप्यांनी अमेरिकेतील हवाई राज्याची राजधानी होनोलुलूत विवाह परवान्यासाठी अर्ज केले. हवाई राज्यात हे परवाने आरोग्य खात्यामार्फत दिले जात असल्यामुळे, अर्ज नाकारले गेल्यावर १९९१ साली दाखल झालेल्या दाव्यात खात्याच्या संचालकांना प्रतिवादी करण्यात आले आणि खटला ‘बेअर विरुद्ध लेविन’ या नावाने ओळखला जाऊ लागला. समलिंगींच्या हक्कांसाठी झटणाऱ्या राष्ट्रीय संस्थांना ही लढाई अकाली वाटत होती. वकीलपत्र घेतले ते होनोलुलूतील डॅन फॉली यांनी.

खालच्या न्यायालयाने दावा फेटाळला. मात्र ५ मे १९९३ रोजी हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा सुनावणीसाठी पाठवला. या निकालाचे अनेकदा चुकीचे वर्णन केले जाते. समलिंगी विवाह हा मूलभूत हक्क असल्याचे न्यायालयाने मान्य केलेच नव्हते. खाजगीपणाच्या हक्काचा युक्तिवादही त्याने नाकारला होता. न्यायमूर्ती स्टीव्हन लेव्हिन्सन यांनी बोट ठेवले ते हवाईच्या राज्यघटनेतील लिंगभेदाला मनाई करणाऱ्या तरतुदीवर. एखाद्या स्त्रीशी पुरुषाला लग्न करता येते आणि दुसऱ्या स्त्रीला येत नाही, म्हणजे परवाना अडतो तो अर्जदाराच्या लिंगामुळे. तेव्हा असा भेद कशासाठी आवश्यक आहे, हे सबळ कारणे देऊन सिद्ध करण्याची जबाबदारी सरकारवर येते, असा त्यांचा तर्क होता.

एका राज्यात झालेले लग्न बाकीच्या राज्यांनाही मानावे लागेल, या धास्तीने वॉशिंग्टनमधील काँग्रेस हलली आणि सप्टेंबर १९९६ मध्ये विवाहाची व्याख्या एक पुरुष व एक स्त्री यांच्यापुरती मर्यादित करणाऱ्या संघीय कायद्यावर अध्यक्ष बिल क्लिंटन यांनी सही केली. त्याच महिन्यात होनोलुलूत फेरसुनावणी सुरू होती. मुलांच्या हिताचा सरकारी युक्तिवाद न्यायाधीश केव्हिन चँग यांना पटला नाही, आणि ३ डिसेंबर रोजी त्यांनी परवाने देण्याचा आदेश दिला. दुसऱ्याच दिवशी त्यांनीच त्याला स्थगिती दिली.

ही स्थगिती उठण्यापूर्वीच प्रश्न मतपेटीकडे गेला. नोव्हेंबर १९९८ मध्ये सुमारे ६९ टक्के मतांनी घटनादुरुस्ती संमत झाली, पण तिची शब्दरचना बारकाईने पाहण्यासारखी आहे. समलिंगी विवाहावर तिने थेट बंदी घातली नाही. विवाह भिन्नलिंगी जोडप्यांपुरता राखून ठेवण्याचा अधिकार विधिमंडळाला असेल, एवढेच ती म्हणत होती. न्यायालयाचे दार बंद करायला तेवढे पुरेसे होते, आणि डिसेंबर १९९९ मध्ये खटला निकालात निघाला.

पुढची झटापट त्यामुळे विधिमंडळातच झाली. नागरी सहजीवनाच्या, म्हणजे लग्नाचे नाव न देता जोडप्यांना विवाहितांसारखे हक्क देणाऱ्या विधेयकावर राज्यपाल लिंडा लिंगल यांनी २०१० मध्ये नकाराधिकार वापरला. पुढच्याच वर्षी नवे राज्यपाल नील अॅबरक्रॉम्बी यांनी तशाच विधेयकावर सही केली. जून २०१३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने संघीय कायद्यातील विवाहाची व्याख्या रद्द ठरवल्यावर त्यांनी खास अधिवेशन बोलावले. कनिष्ठ सभागृहातील जनसुनावणी पाच दिवस चालली. अखेर २ डिसेंबर २०१३ पासून समलिंगी जोडप्यांना परवाने मिळू लागले, आणि ज्या विधिमंडळाला विवाह राखून ठेवण्याचा अधिकार होता त्याला तो खुला करण्याचाही होता, म्हणून त्यासाठी घटनेला हात लावावा लागला नाही. १९९८ चे ते वाक्य निरुपयोगी होऊनही आणखी अकरा वर्षे घटनेत राहिले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनीच ते काढून टाकले.