ग्राफिक कार्ड मागवण्याआधी सीपीयू दाखवून जा

परीक्षा आटोपल्या की दुकानात एकच प्रश्न सुरू होतो: "भाऊ, आमच्या जुन्या पीसीवर जीटीए फाईव्ह चालेल का?" चालेल. पीसीवर तो गेम २०१५ साली आला. त्या मूळ आवृत्तीसाठी कंपनीच सांगते की ४ जीबी रॅम किमान, नीट खेळायला ८. ऑफिसातून निघालेले तिसऱ्या-चौथ्या जनरेशनचे आय-फाईव्ह प्रोसेसर त्याला पुरतात. घोडं अडतं ते गेमचं चित्र पडद्यावर आणणाऱ्या ग्राफिक कार्डापाशी, आणि नेमकं तेच तुम्ही न विचारता ऑनलाइन मागवता.

गेल्या मे महिन्यात अमळनेरहून बापलेक आले. पिशवीत नवं कोरं कार्ड, हातात स्लिम डेस्कटॉप. डबा उघडला तर कार्डाची पट्टी कॅबिनेटपेक्षा उंच, आणि आतला एसएमपीएस (वीज पुरवणारा भाग) २४० वॅटचा. कार्डाला लागणारी ६ पिनची वायर त्यात नव्हतीच. परत करायची मुदतही उलटलेली. पोरगं रडायचं बाकी होतं.

दुसरा घोळ जीबीचा. '४ जीबी' वाचून डीडीआर-३ या संथ मेमरीचं जीटी ७३० कार्ड घेतात. रावेरात केळीचं गोदाम केवढंही मोठं असो, ट्रक भरायला हमाल दोनच असतील तर गाडी कधी निघणार? २ जीबीचं जीटीएक्स ७५० टीआय त्याला सहज मागे टाकतं, कारण त्याची मेमरी वेगवान जीडीडीआर-५ आहे आणि चिपही जास्त ताकदीची. त्याला वीजही साधारण ६० वॅटच लागते. मदरबोर्डचा स्लॉट ७५ वॅटपर्यंत देतो, म्हणून बहुतेक मॉडेलना वेगळी वायर लागत नाही. तपासलेली सेकंडहँड कार्डं आमच्याकडे असतात, स्लिम डब्यात बसणारीसुद्धा.

व्हॅलोरंटवाल्यांनी जुन्या मशीनवर जुगाड करून विंडोज ११ टाकू नये. तिथे तो गेम टीपीएम २.० आणि सिक्युअर बूट या मशीनमधल्या सुरक्षेच्या सोयी मागतो. नसेल तर उघडत नाही.

एसएसडीने गेम लवकर उघडतो, एफपीएस (सेकंदाला दिसणारी चित्रं) वाढत नाहीत. अर्ध्या तासाने गेम अडकायला लागला तर बहुधा कार्डाचा दोष नसतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ वर जातो, पंख्यात धूळ, प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट वाळून खडू झालेली. प्रोसेसर तापला की स्वतःच वेग कमी करतो. आधी सफाई करून घ्या, कार्डाचा खर्च कदाचित वाचेल.

तपासणीचे २०० रुपये आम्ही घेतो, त्यावरून कुरकुर होते. पण डबा उघडून, गेम चालवून बघायला तास जातो. सामान आमच्याकडून घेतलं तर ते बिलातून वजा करतो. बाहेरून आणलेलं कार्डही बसवून देतो, फक्त त्याची गॅरंटी आमच्याकडे मागू नका.

येताना नुसता सीपीयू आणा, मॉनिटर नको. आणि कार्ड बसवून नेल्यावर स्पीड तोच वाटला, तर फोन करण्याआधी डब्याच्या मागे बघा. मॉनिटरची केबल कार्डाच्या पोर्टात हवी. निम्मे फोन ती जुन्याच पोर्टात खोचल्यामुळे येतात.