गोंधळातील लयसंगत

तुळजापूरची भवानी आणि माहूरची रेणुका यांच्या उपासनेत वाढलेला गोंधळ मराठवाड्यात लग्नकार्यानंतर किंवा नवस फेडताना रात्री घातला जातो. गोंधळी कदमराई (तुळजाभवानीचे उपासक) असोत वा रेणुराई (रेणुकेचे), संच लहानच असतो: कथा सांगणारा नाईक, संबळ हे काड्यांनी वाजवायचे जोडवाद्य वाजवणारा संबळवाला, तुणतुणेवाला आणि झांज धरून झील ओढणारा, म्हणजे पदाची ओळ मागून उचलणारा साथीदार. परभणीचे राजाराम कदम हे या परंपरेतले मोठे नाव.

या संचात सर्वांत कमी वाखाणले जाते ते तुणतुणे, पण खरी भिस्त त्याच्यावरच. एकाच तारेवर ते नाईकाला सूर पुरवते आणि त्याच आघातांनी लयही चालती ठेवते. आख्यानात करुण प्रसंग आला की नाईक शब्द ताणतो, मध्येच पद सोडून बोलण्यावर येतो, समोरच्या बायाबापड्यांना प्रसंग रंगवून सांगतो. तेवढा वेळ संबळ दबते किंवा थांबते. तार थांबत नाही, म्हणूनच नाईकाला कितीही लांब जाऊन पुन्हा चालीवर येता येते. तुणतुणेवालाच नाईकामागे धावू लागला तर लय घसरते आणि भावही पातळ होतो.

संबळवाल्याने मात्र नाईकाच्या मागेच राहायचे असते. कडव्याचा शेवटचा शब्द लांबला की त्याची नजर नाईकाच्या तोंडावर आणि पावलावर असते. शब्द सुटून पाऊल टेकते तिथे त्याची काडी समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर पडते. आधी पडली तर शब्द तुटतो, उशिरा पडली तर उठाव जातो. साथीदाराचा ‘मग काय झालं?’ हा प्रश्नही लयीचाच भाग आहे, कारण त्यात नाईकाला दम घ्यायला जागा मिळते. आख्यान शेवटाला आले की सूत्रे फिरतात: संबळ लय चढवते आणि नाईक तिच्यावर स्वार होतो.

सारे तंतोतंत एका क्षणी वाजावे, ही अपेक्षा कुठल्याच संगीतात पुरी होत नाही. पाश्चात्त्य वाद्यत्रिकुटांची मोजणी करून डच संगीतसंशोधक रूडॉल्फ राश यांनी १९७९ मध्ये दाखवले, की एकत्र वाटणारे स्वरही साधारण ३० ते ५० मिलिसेकंद मागेपुढे असतात.

मोठ्या मंडपात लाउडस्पीकरवर संबळ चढते आणि तुणतुणे बुडते. अशा ठिकाणी नाईकाच्या खालोखाल पहिला माइक तुणतुण्याला द्यायला हवा.