जुन्या कीबोर्डातील स्विचांची ओळख

जुन्या कीबोर्डातील स्विचांची ओळख : कंपनी, मॉडेल किंवा वर्ष ठाऊक नसलेल्या कीबोर्डाच्या कळांखाली कोणत्या जातीचे स्विच आहेत, हे ठरवण्याची पद्धत. सुटा भाग कोणता शोधायचा, दुसऱ्या कीबोर्डाची कीकॅप (कळेवरची टोपी) बसेल का, स्विच उघडून साफ करता येईल का, हे सगळे या एका उत्तरावर ठरते. गोव्यात असे कीबोर्ड भंगारअड्ड्यांवर, बंद पडलेल्या डीटीपी केंद्रांत आणि आखातातून किंवा पोर्तुगालहून परतलेल्या कुटुंबांच्या सामानात सापडू शकतात. कळांवर अरबी अक्षरे असली किंवा एलच्या उजवीकडे शेपटीचा सी असला, तर कीबोर्ड कोणत्या देशाच्या बाजारासाठी बनला ते कळते. स्विचबद्दल त्यातून काहीच कळत नाही.

ओळखीची सुरुवात एखाद्या साध्या अक्षराची कीकॅप काढून करावी. कॅप्स लॉक आणि स्पेसबार आधी काढू नयेत. कॅप्स लॉकखाली दाबून राहणारा वेगळा स्विच असू शकतो आणि स्पेसबारला आधाराची तार असते. शिवाय त्याच्याखाली बऱ्याचदा जास्त ताठ स्प्रिंगचा स्विच बसवलेला असतो. कीकॅप तारेच्या चिमट्याने सरळ वर ओढावी. तिरकी ओढली तर आल्प्स या जपानी कंपनीच्या जातीच्या स्विचची दांडी (कीकॅप जिच्यावर बसते तो वरखाली सरकणारा भाग) तुटू शकते आणि तसा सुटा भाग आता सहज मिळत नाही.

कीकॅप निघाल्यावर पहिली नजर दांडीच्या आकारावर जायला हवी. अधिकाचे चिन्ह दिसले तर बहुधा चेरी एमएक्स घराणे. जर्मनीच्या चेरी कंपनीने ते 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला आणले. दांडीत आयताकृती खाच असेल आणि कीकॅपच्या पोटाला तिच्यात बसणारी चपटी जीभ असेल तर जपानच्या आल्प्सचे घराणे. दांडीऐवजी पोकळ नळी आणि तिच्यात उभी स्प्रिंग दिसली तर तो आयबीएमचा वाकणाऱ्या स्प्रिंगचा कीबोर्ड, म्हणजे 1981 च्या पहिल्या पीसीसोबत आलेले मॉडेल एफ किंवा 1985 पासूनचे मॉडेल एम. आकारावरूनही शंका राहिली तर स्विच धरून ठेवणाऱ्या पत्र्यातले भोक मोजावे. चेरी एमएक्ससाठी ते 14 मिमी लांबरुंद चौकोनी असते, आल्प्ससाठी 15.5 बाय 12.8 मिमी.

दांडीच्या रंगाकडे वळायचे ते यानंतर. बहुतेकांची गल्लत इथेच होते, कारण रंगाला अर्थ असतो तो फक्त आपल्या घराण्यापुरता. चेरीचा काळा स्विच कुठेही न अडखळता सरळ खाली जातो, आल्प्सचा काळा मध्ये अडखळतो. चेरीचा हिरवा टिकटिक वाजतो, आल्प्सचा हिरवा वाजत नाही. निळ्याची गोष्ट आणखी गुंतलेली आहे. भारतीय बँकांत, कार्यालयांत आणि डीटीपी केंद्रांत वर्षानुवर्षे वापरल्या गेलेल्या जुन्या टीव्हीएस गोल्ड कीबोर्डांत चेरी एमएक्स निळे असतात, त्यामुळे निळी दांडी दिसली की आपल्याकडे चेरीचेच नाव आधी निघते. पण आल्प्सनेही निळा स्विच बनवला, आणि आल्प्सच्याच कीकॅप बसतील असा निळा स्विच एसएमके या जपानी कंपनीने बनवला. तिन्ही वाजतात. अधिकाच्या चिन्हाची दांडीसुद्धा एकट्या चेरीची नाही. एसएमकेने तीही बनवली. म्हणून स्विचच्या डबीवर (बाहेरच्या कवचावर) कोरलेले नाव भिंगाखाली पाहावे. आल्प्सच्या नकला अनेक निघाल्या. त्या ओळखताना डबीचे वरचे झाकण किती खुंट्यांनी अडकवले आहे ते पाहावे: अस्सल आल्प्सला बहुधा चार, सोप्या केलेल्या नकलांना दोन.

बोटाला काय जाणवते यावर गोव्यात तरी सर्वांत कमी भरवसा ठेवावा. पावसाळ्यातली दमट आणि किनाऱ्यावरची खारी हवा स्प्रिंगला आणि धातूच्या पट्ट्यांना गंज चढवते. आल्प्सचे स्विच धुळीने लवकर खरखरीत होतात. सरळ जाणाराही मग अडखळतो आणि नवशिक्या त्याला वेगळीच जात समजतो. चार-पाच कळा, त्यातही क्वचित वापरातल्या, दाबून पाहिल्या तर मूळ स्वभावाचा अंदाज येतो. स्क्रोल लॉक किंवा पॉज या कळा त्यासाठी उत्तम.

सुटे स्विच दिसत नसतील तर कीबोर्ड उघडावा लागतो. आत प्लॅस्टिकचे पापुद्रे आणि रबरी घुमट असतील तर तो मेम्ब्रेन कीबोर्ड. मॉडेल एम मात्र स्प्रिंग असूनही तळाशी मेम्ब्रेनच वापरते, तर मॉडेल एफ धारितेतला (विद्युत भार साठवण्याच्या क्षमतेतला) बदल ओळखते. फोमच्या चकत्यांना चकचकीत पापुद्रा चिकटवलेला असेल तर तीही धारितेवर चालणारी रचना. की ट्रॉनिक कंपनीने ती मोठ्या प्रमाणावर वापरली. असा फोम दमट हवेत लवकर भुगा होतो, म्हणून तो शक्य तितका कमी हाताळावा. धातूचे संपर्क असलेल्या स्विचच्या दोन पायांना मल्टिमीटर लावून कळ दाबली की बीप वाजतो. धारितेच्या रचनेत तो वाजत नाही. दांडीत लोहचुंबक सापडले तर बहुधा दोहोंपैकी एक: काचेच्या नळीतला रीड स्विच किंवा हॉल परिणामावर चालणारा, म्हणजे चुंबक जवळ आल्याचे विजेवर चालणाऱ्या चिपने ओळखणारा स्विच. हनीवेलच्या मायक्रो स्विच विभागाने 1960 च्या दशकाच्या अखेरीस दुसरा प्रकार कीबोर्डात आणला. त्याला वीज पुरवल्याशिवाय तपासता येत नाही, त्यामुळे नुसत्या मल्टिमीटरने तो निकामी ठरवून फेकून देणे चूक आहे.

कीबोर्ड कोणत्या वर्षाचा ते ठरवण्यासाठी सर्किट बोर्डावरील चिपांचे आकडे वाचावेत. 8723 म्हणजे 1987 चा 23 वा आठवडा. 8048 किंवा 8049 हे मात्र सालाचे आकडे नव्हेत, ती इंटेलच्या मायक्रोकंट्रोलरांची (नियंत्रक चिपांची) नावे आहेत आणि कीबोर्डांत ते वारंवार भेटतात. केबलच्या टोकाला पाच पिनांचा मोठा गोल प्लग असेल तर कीबोर्ड आयबीएमच्या एक्सटी किंवा एटी या जुन्या पीसींच्या काळातल्या पद्धतीचा. सहा पिनांचा लहान प्लग आयबीएमने 1987 मध्ये पीएस/2 या संगणकांसोबत आणला. चिपवर 1987 असेल तर कीबोर्ड त्याआधी जुळवलेला असू शकत नाही. नंतर जुळवलेला मात्र असू शकतो, कारण कारखान्यात चिपा महिनोन्‌महिने पडून राहत.