लाइट गन खेळ, घरगुती

लाइट गन खेळ, घरगुती : आर्केडमधले, म्हणजे नाणे टाकून खेळायच्या यंत्रांच्या दालनातले, नेमबाजीचे व्हिडिओ खेळ घरच्या टीव्हीसमोर, बंदुकीच्या आकाराचे उपकरण हातात धरून खेळण्याचा प्रकार. नावावरून या बंदुकीतून प्रकाश सुटत असावा असे वाटते. बहुतेक प्रकारांत घडते ते उलटे. नळीच्या तोंडाशी भिंग आणि त्यामागे प्रकाशसंवेदक असतो. बंदूक पडद्याकडे पाहते आणि तिला काय दिसले ते यंत्राला कळवते. हे खेळ घरी रंगणार की फसणार, हे म्हणूनच बंदुकीपेक्षा पडद्यावर ठरत आले आहे.

प्रकाश सोडणाऱ्या बंदुकाही होऊन गेल्या. सीबर्ग कंपनीच्या १९३६ सालच्या ‘रे-ओ-लाइट’ यंत्रात बंदुकीतून तिरीप निघे आणि संवेदक समोरच्या लक्ष्यात, म्हणजे खोट्या बदकात असे. टीव्हीसमोर रोखायची बंदूक १९७२ मध्ये मॅग्नाव्हॉक्स ओडिसी या घरगुती खेळयंत्रासाठी निघाली; पण ती भोळी होती, विजेच्या दिव्यावर रोखली तरी नेम लागल्याचे मान्य करी. ही पळवाट निन्टेन्डोने बुजवली. १९८४ मध्ये जपानात फॅमिकॉम या तिच्या घरगुती खेळयंत्रासाठी आणि पुढच्या वर्षी अमेरिकेत ‘झॅपर’ या नावाने आलेल्या बंदुकीचा ट्रिगर दाबताच पडदा क्षणभर पूर्ण काळा होतो आणि लगेच फक्त लक्ष्याच्या जागी पांढरा चौकोन उमटतो. आधी अंधार आणि मग उजेड दिसला तरच नेम खरा. ‘डक हंट’ या बदकांच्या शिकारीच्या खेळात दोन बदके असतील तर दोन चौकोन एकामागून एक दाखवले जातात. कितव्या वेळी उजेड दिसला त्यावरून कोणते बदक पडले ते ठरते. या खेळात नेम चुकला की खिदळणाऱ्या कुत्र्यावर गोळी झाडण्याची इच्छा प्रत्येकाला होते, घरच्या आवृत्तीत ती सोय नाही, आर्केडच्या आवृत्तीतील बोनस फेरीत मात्र कुत्र्याला गोळी लागते.

दुसरी पद्धत अधिक हुशार आहे. पिक्चर ट्यूबच्या टीव्हीत, म्हणजे सीआरटीत, इलेक्ट्रॉनांचा झोत एकेक ओळ रंगवत सेकंदाला ५० किंवा ६० वेळा पडदाभर फिरतो. नळीसमोरचा ठिपका नेमका कोणत्या क्षणी उजळला हे कळले की त्या वेळी झोत कुठे होता, म्हणजेच नेम कुठे होता, याचा हिशेब मांडता येतो. नामको कंपनीची ‘गनकॉन’ बंदूक यासाठी टीव्हीकडे जाणारा व्हिडिओ संकेतच वाटेत वाचते. १९९५ च्या ‘टाइम क्रायसिस’ची घरगुती प्लेस्टेशन यंत्रावरची आवृत्ती तिच्यावर खेळली जाई. आर्केडमध्ये आडोशाला लपून गोळ्या भरण्यासाठी पायाशी पेडल होते. घरी ते काम बंदुकीवरच्या बटणाने भागवावे लागले, आणि खेळातली अर्धी गंमत त्या पेडलात होती. सेगाचे ‘व्हर्च्युआ कॉप’ आणि ‘द हाउस ऑफ द डेड’ हे खेळही याच दशकात घरी पोहोचले.

सपाट पडद्यांनी या दोन्ही पद्धती निकामी केल्या. एलसीडीवर फिरता झोत नसतो, आणि चित्रावर प्रक्रिया करण्यात टीव्ही जो वेळ घेतो तेवढ्यात पांढऱ्या चौकोनाची वेळ टळून जाते. बंदूक शाबूत असूनही एकही बदक पडत नाही, ते यामुळे. सीआरटी मिळवला तरी तो १०० हर्ट्झचा नसावा, कारण त्यावरही कालगणना बिघडते. ब्राइटनेस थोडा वाढवावा लागतो. अशा टीव्हीचे मागचे झाकण मात्र हौसेने उघडू नये. वीज काढल्यावरही ट्यूबमध्ये उच्च दाबाचा भार शिल्लक राहू शकतो.

नव्या बंदुका झोताच्या भानगडीत पडत नाहीत. २००६ च्या निन्टेन्डो ‘वी’ (Wii) या खेळयंत्रात टीव्हीजवळच्या पट्टीत केवळ अवरक्त दिवे असतात, कॅमेरा हातातल्या रिमोटमध्ये असतो. दिव्यांचे दोनच पुंजके दिसत असल्याने कोन बदलला की अंदाज ढळतो; पडद्यावरच्या खुणेकडे पाहूनच नेम साधावा लागतो. ‘गन-फोर-आयआर’ या हौशी बांधणीच्या प्रणालीत पडद्याभोवती चार दिवे लावतात, त्यामुळे बंदुकीच्या माशीतून, म्हणजे नळीवरच्या नेमाच्या खुणेतून, पाहून नेम धरता येतो. ‘सिंडेन लाइटगन’ला दिवेही लागत नाहीत: खेळाच्या चित्राभोवती पांढरी चौकट आखली जाते आणि बंदुकीतला कॅमेरा तिचे चार कोपरे ओळखतो. ती चौकट सुरुवातीला डोळ्यांना खुपते, खेळ रंगला की विसरायला होते. टीव्हीचा गेम मोड (चित्रावरची प्रक्रिया कमी करणारी सोय) चालू करणे येथेही आवश्यक, नाहीतर गोळी आणि चित्र यांचा मेळ बसत नाही.

आर्केडमधली प्रत्येक बंदूक लाइट गन नव्हती. टाइटोच्या ‘ऑपरेशन वुल्फ’मधली (१९८७) कॅबिनेटवर पक्की बसवलेली बंदूक हा तांत्रिकदृष्ट्या मोठा जॉयस्टिकच होता, त्यामुळे असे खेळ घरी माउसनेही बऱ्यापैकी खेळता येतात. झटका मात्र माउस देत नाही. आर्केडमधल्या काही बंदुकांत गोळीगणिक मागे आदळणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर सरकणारा दट्ट्या, असे. जुन्या घरगुती बंदुकांत तो सहसा नव्हता, आता काही नव्या बंदुकांत मिळतो. त्यासाठी वेगळा वीजपुरवठा लागतो आणि खटखट शेजारच्या खोलीपर्यंत ऐकू जाते.