बंदिस्त स्टुडिओ हेडफोन : कानाचा आराम आणि जोडसामान

गाणाऱ्याच्या कानात वाजणारा ठेका त्याच्यासमोरच्या माइकमध्ये शिरू नये, यासाठी वापरतात तो बंदिस्त किंवा क्लोज्ड-बॅक हेडफोन. त्याच्या वाटीची पाठ पूर्ण बंद असते आणि कानाभोवतीची गादी डोक्याला घट्ट टेकते. आवाज अडतो तो याच दोन गोष्टींमुळे, आणि कान उकडतात तेही याच दोन गोष्टींमुळे.

सातारा-सांगली भागात असा हेडफोन अनेक ठिकाणी दिसतो. आकाशवाणीचे सांगली केंद्र, म्हसवडची ९०.४ मेगाहर्ट्झवरची माणदेशी तरंग वाहिनी, जत तालुक्यातल्या जालिहाळची येरळावाणी ही रेडिओ वाहिनी, ही बोलण्याच्या ध्वनिमुद्रणाची ठिकाणे झाली. गाण्याचे बरेचसे काम मात्र घरातल्या एखाद्या खोलीत, भिंतींना गाद्या आणि जुनी ब्लँकेटे लावून चालते. माइक पंख्याची घरघर पकडतो म्हणून टेक, म्हणजे ध्वनिमुद्रणाची फेरी, सुरू होण्याआधी पंखा बंद होतो. एप्रिल-मेमध्ये बंद खोलीत, बंद पंख्याखाली, कानांवर रेक्झिनच्या गाद्या लावून तासभर अभंग गाणे कसे असते ते गाणाऱ्यालाच विचारावे. हेडफोन निवडताना बहुतेक जण आवाजाबद्दल विचारतात, गादीबद्दल विचारत नाहीत. वास्तविक या प्रकारात गादी हा आवाजाचाच भाग असतो.

गादी आणि कानशील यांच्यात जराशी फट राहिली तरी वाटीतल्या हवेचा दाब निसटतो आणि सर्वांत आधी खर्ज, म्हणजे खालचे सूर, जातो. तबल्यातली चाट स्वच्छ ऐकू येते, पण डग्ग्याचा घुमारा हरवतो. मग ध्वनिमुद्रक खर्ज वाढवतो आणि तेच गाणे गाडीतल्या स्पीकरवर ढबढब वाजते. फट पडायला कारणे साधी असतात: चष्म्याची जाड दांडी, अंबाड्यामुळे सरकलेला डोक्यावरचा पट्टा, कानाच्या पाळीवरचे वेल, कानाच्या वरच्या कडेची बुगडी. बुगडी तर गादीखाली दाबली जाऊन रुततेही; ती काढून ठेवणे हाच उपाय. व्हिडिओसाठी फेटा बांधून बसलेल्या शाहिराच्या बाबतीत पट्टा फेट्यावरून न नेता मानेमागून घ्यावा लागतो. तसे केले की वाट्या खाली ओघळतात, त्यामुळे ही तडजोड एखाद्या कडव्यापुरतीच जमते.

गाद्या मुख्यतः दोन जातींच्या. सोनीच्या एमडीआर-७५०६ (१९९१) किंवा ऑडिओ-टेक्निकाच्या एटीएच-एम५०एक्स (२०१४) यांवर कृत्रिम चामड्याची गादी येते. ती चांगली बसते, आवाज चांगला अडवते आणि घामाने चिकटते. बायरडायनामिकच्या डीटी ७७० प्रोवर राखाडी मखमली गादी असते. मखमल हवा थोडी खेळू देते आणि घाम शोषते, पण धूळ व केसही धरून ठेवते. एकेजीच्या के २७१ मार्क २ बरोबर दोन्ही प्रकारच्या गाद्या मिळत, ही खरी समजूतदारी. एका हेडफोनची चामडी गादी काढून मखमली बसवली तर मात्र आवाज तोच राहत नाही. खर्ज बहुधा कमी होतो, आणि आधीच्या गादीवर बसवलेला कानाचा अंदाज पुन्हा बसवावा लागतो.

कृत्रिम चामड्याचा शत्रू दमटपणा. कापडावरचा पॉलियुरेथेनचा थर पाणी आणि घाम यांनी हळूहळू विघटित होतो, त्याचे पापुद्रे सुटतात आणि कानांना काळे कण चिकटतात. सातारा जिल्ह्यात याची दोन टोके आहेत. महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिमीच्या वर पाऊस पडतो. तिथे न वापरता खुंटीला टांगलेला हेडफोनही सोलून निघतो. माण तालुक्यात जेमतेम ५०० मिमीच्या आसपास पाऊस; तिथे घाम आणि धूळ यांचा जाच अधिक. पावसाळ्यात झाकणाच्या डब्यात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवणे आणि काम झाल्यावर गादी कोरड्या सुती फडक्याने पुसणे पुरते. स्पिरिटने पुसू नये, त्याने थर लवकर तडकतो. मखमली गादी काढून कोमट पाण्यात धुता येते, वाळवायची मात्र सावलीत. घाम टिपायला गादीवर पातळ सुती खोळ चालते. टॉवेलसारखे जाड कापड घातले की फट पडलीच. एकच हेडफोन दहा जणांच्या कानांवर चढत असेल, तर प्रत्येकाची वेगळी खोळ हा आरोग्याचाही प्रश्न आहे.

वजन आणि दाब यांत दाब जास्त त्रास देतो. एमडीआर-७५०६ सुमारे २३० ग्रॅमचा, एम५०एक्स २८५ ग्रॅमचा. एवढ्या फरकाने मान दुखत नाही. नवा हेडफोन कानशिलांना आवळतो, तेव्हा तो रात्रभर पुस्तकांच्या चळतीवर ताणून ठेवतात. पोलादी पट्टीच्या हेडफोनला हे चालते, प्लॅस्टिकच्या पट्ट्याला तडा जाऊ शकतो. फार सैल करण्यातही अर्थ नाही, कारण खर्ज धरून ठेवणारा तोच दाब असतो.

दोन्ही कान बंद झाले की स्वतःचा आवाज डोक्यात घुमतो आणि सूर हलतो, म्हणून बरेच गायक एक वाटी कानामागे सरकवतात. मिरजेच्या तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, पण ध्वनिमुद्रणात सूर धरायला अनेकदा मोबाइलवरचाच तंबोरा कानात सोडलेला असतो. सरकवलेल्या वाटीतून तो थेट माइकमध्ये जातो आणि नंतर काढता येत नाही. मोकळी वाटी हवेत न ठेवता कानशिलाच्या हाडावर सपाट टेकवावी, किंवा मिक्सरवरून त्या बाजूचा आवाज बंद करावा.

जोडसामानात सर्वांत आधी हरवते ती मोठी पिन, म्हणजे ३.५ मिमीच्या जॅकवर चढवायची ६.३ मिमीची. आट्यांची पिन निसटत नाही, पण एका हेडफोनची दुसऱ्याच्या आट्यांत बसेलच असे नाही. भजनी मंडळाला चार-पाच हेडफोन लागतात तेव्हा एका जॅकला अनेक हेडफोन जोडणाऱ्या स्वस्त स्प्लिटरने काम भागवू नये. ३२ ओहमचे (ओहम हे विद्युतरोधाचे माप) दोन हेडफोन समांतर जोडले की जॅकवर १६ ओहमचा भार येतो, आणि प्रत्येकाला आवाज वेगळा कमी-जास्त करता येत नाही. पखवाजवाल्याला हवा तेवढा आवाज टाळकऱ्याचे कान फोडतो. प्रत्येकासाठी स्वतंत्र बटण असलेला छोटा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर त्यावर उपाय. २५० ओहमचा हेडफोन थेट मोबाइलला लावला तर पुटपुटतोच.

गुंडाळीची वायर पायात येत नाही, पण तिचे वजन एक वाटी खाली ओढते, आणि ती टेबलाला घासली की घासण्याचा आवाज कानात येतो. सदऱ्याला क्लिप लावून वायर अडकवली की दोन्ही त्रास संपतात. एम५०एक्सची वायर सुटी होते, एमडीआर-७५०६ची होत नाही. सुटी न होणारी वायर जॅकपाशी तुटली, तर मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात तारा सोलून डाग (सोल्डर) मारून मिळतो. तारांवर एनॅमलचा थर असतो, तो आधी खरवडायचा किंवा सोल्डरनेच जाळायचा. नाहीतर डाग वरवर बसतो आणि एक कान चार दिवसांत पुन्हा मुका होतो.