अफू, मीठ आणि बेडकाची त्वचा

जुलाबावरची लोपेरामाइडची गोळी पंचवटीपासून सातपूरपर्यंत कुठल्याही मेडिकलमध्ये मिळते. ती मॉर्फिनच्याच गटातली, म्हणजे ओपिऑइड. फक्त मेंदूत सहसा शिरत नाही. ओपिऑइड म्हटलं की आपल्याला वेदनाशमन, गुंगी, व्यसन एवढंच आठवतं. पण पेशींच्या थरातून मीठ आणि पाणी कसं ये-जा करतं, यावरही ही औषधं परिणाम करतात. तो परिणाम मोजायची पद्धत आली बेडकाच्या त्वचेतून.

बेडकाच्या त्वचेच्या आतल्या आणि बाहेरच्या बाजूंत विद्युतदाब असतो, हे एमिल द्यु बुआ-रेमों यांनी १८४८ च्या सुमारास दाखवलं. तो कशामुळे, हे पुढे बरीच वर्षं उलगडलं नाही. इगतपुरीच्या भातखाचरातलं पावसाचं पाणी घ्या: त्यात मीठ जवळजवळ नसतंच, बेडकाच्या रक्तात मात्र त्याच्या कितीतरी पट. तरी बेडूक तिथे मजेत तगतो. अगदी विरळ द्रावणातूनही तो त्वचेवाटे मीठ ओढून घेतो, हे ऑगस्ट क्रॉग यांनी १९३७ मध्ये मांडलं.

कोपनहेगनचे हान्स उसिंग यांचा प्रयोग जरा सविस्तर सांगायला हवा. आपल्याकडच्या कॉलेजांत बेडकाचं विच्छेदन आता होत नाही, आणि ते योग्यच झालं; पण त्यामुळे हा प्रयोग मुलांच्या डोळ्यांसमोर उभा राहत नाही. त्वचेचा तुकडा दोन कप्प्यांच्या मध्ये ताणून बसवायचा. दोन्हीकडे एकच रिंगर द्रावण (शरीरातल्या द्रवासारखं खारं पाणी), म्हणजे मिठाच्या प्रमाणात फरक नाही. मग बाहेरून प्रवाह देऊन दोन्ही बाजूंमधला विद्युतदाब शून्यावर आणायचा. आता सोडियमला आपणहून एका बाजूला जायचं काहीच कारण उरलं नाही. तरीही प्रवाह चालूच राहतो! किरणोत्सारी सोडियम वापरून दोन्ही दिशांची ये-जा मोजली, तेव्हा आत गेलेलं निव्वळ सोडियम आणि तो प्रवाह यांचा हिशेब जुळला. उसिंग आणि झेरान यांनी हे १९५१ मध्ये प्रसिद्ध केलं. जिवंत पेशी ऊर्जा खर्चून सोडियम ढकलतात, याचा इतका स्वच्छ पुरावा आधी नव्हता. ते ढकलणारं विकर १९५७ मध्ये येन्स स्कौ यांना खेकड्याच्या चेतातंतूंत सापडलं. त्याबद्दल त्यांना १९९७ मध्ये नोबेल मिळालं.

इकडे अफूच्या बाजूने १९७३ मध्ये मेंदूतले ओपिऑइड ग्राही, म्हणजे ही औषधं जिथे चिकटून काम करतात ते रेणू, सिद्ध झाले, तर १९७५ मध्ये शरीर स्वतःच बनवतं ते ओपिऑइड, एन्केफॅलिन, हाती आलं. मग उसिंगच्या कप्प्यात सशाच्या आतड्याचं अस्तर बसवून त्यावर एन्केफॅलिनसारखं रसायन घातलं गेलं. सोडियम आणि क्लोराइडचं शोषण वाढलं. स्नायू नसलेल्या नुसत्या अस्तरावर हे घडलं, ही मोठी गोष्ट. अफूने जुलाब थांबतात ते आतड्याची हालचाल मंदावते म्हणून, एवढंच स्पष्टीकरण यापुढे पुरेसं नव्हतं.

१९८१ मध्ये तर दक्षिण अमेरिकेतल्या एका बेडकाच्या त्वचेतच डर्मॉर्फिन हे मॉर्फिनपेक्षा कितीतरी प्रभावी ओपिऑइड मिळालं. म्हणजे त्वचेवर औषध घालून पाहायचं, तर ती स्वतःच ते बनवणारी असू शकते. म्हणून असे प्रयोग वाचताना मी आधी नॅलॉक्सोन, म्हणजे ओपिऑइड ग्राहींना अडवणारं औषध, शोधतो. ते घातल्यावर परिणाम पुसला गेला, तर तो ओपिऑइड ग्राहींमार्फत झाला असं धरता येतं. मॉर्फिनचा भरमसाट डोस देऊन मिळालेला आणि नॅलॉक्सोनने न हटणारा परिणाम वेगळ्या वाटेने आलेला असू शकतो.