कार्बन डायऑक्साइड वेगळा करणारा पडदा म्हणजे चाळणी नव्हे

'पडद्याला बारीक छिद्रं असतात, लहान रेणू पार होतो, मोठा अडकतो.' वायू वेगळे करणाऱ्या पडद्यांबद्दल वर्षानुवर्षं हेच सांगितलं जातं. ते अर्धवट आहे, आणि त्यामुळे मुलांना चुकीचं चित्र मिळतं.

आकडे बघा. कार्बन डायऑक्साइडचा रेणू सुमारे 0.33 नॅनोमीटर, नायट्रोजनचा 0.36. एवढ्या फरकावर कसली चाळण! हायड्रोजन तर त्याहून लहान, 0.29. तरीही पॉलिइथिलीन ऑक्साइडसारख्या रबरी पॉलिमरमधून कार्बन डायऑक्साइडच जास्त वेगाने जातो, कारण तो त्या पदार्थात आधी विरघळतो आणि मग पलीकडे सरकतो. सोड्याची बंद प्लास्टिक बाटली कपाटात काही महिने ठेवा. भिंतीला एकही छिद्र दिसत नाही, तरी फसफस उतरते. वायू मुख्यतः भिंतीत विरघळून बाहेर पडतो.

मग संकरित, म्हणजे पॉलिमरमध्ये दुसऱ्या पदार्थाचे कण मिसळलेल्या पडद्यात सच्छिद्र कण कशाला? नुसता पॉलिमर वायू जितका भरभर जाऊ देतो, तितकी त्याची निवड ढिली पडते. ही मर्यादा पॉलिमर-शास्त्रज्ञ लॉइड रोबसन यांनी 1991 मध्ये मांडली. ती ओलांडायला पॉलिमरमध्ये धातू-सेंद्रिय जाळीचे, म्हणजे धातूचे अणू सेंद्रिय रेणूंनी जोडून बनलेल्या सच्छिद्र जाळीचे कण मिसळतात. त्यांच्या छिद्रांच्या तोंडाशी असलेल्या खिडक्याही ताठ नसतात: झिफ-8 या अशाच एका जाळीची खिडकी कागदावर 0.34 नॅनोमीटर, पण ती लवते आणि 0.38 चा मिथेनही आत शिरतो.

खरी डोकेदुखी कण आणि पॉलिमर यांच्यामधल्या फटीची. तिथे चिकटणं कच्चं राहिलं, की सगळे वायू न निवडताच निसटतात.